पाच गावांचं फ्रीमाँट : आपण राहतो त्या शहराची गोष्ट

पायथा

आमच्या मागच्या कुंपणापलीकडे जर्दाळूचं एक म्हातारं झाड आहे. खोड मधून फाटलंय, एका फांदीला लाकडी टेकू दिलाय. जून उजाडला की शेजारच्या आजी कागदी पिशवी भरून फळं आणून देतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला ती कापायची कशी ते दाखवलं. फळाच्या अंगावर एक शिवण असते. तिच्यावरून सुरी गोल फिरवायची, दोन्ही हातांनी उलटसुलट पीळ द्यायचा, की वाट्या सुट्या होतात आणि बी टपकन खाली पडते. "आठ वर्षांची होते तेव्हापासून उन्हाळाभर हेच केलंय," त्या म्हणाल्या. शेडमध्ये बायका आणि पोरं ओळीने उभी असायची. कापलेल्या वाट्या लाकडी ताटांत पोकळ बाजू वर करून मांडायच्या, मग ताटांची चळत गंधकाच्या धुरीच्या खोलीत, तिथून उन्हात. मजुरी पेटीमागे. शेड कुठे होती विचारलं, तर त्यांनी हात करून दाखवलं ती आमचीच गल्ली निघाली.

मी १९९८ पासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये राहतो. आधी अर्विंग्टनला अपार्टमेंटमध्ये, मग घर घेतलं. इतकी वर्षं गावाबद्दल कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं होतं : ऑफिस जवळ, शाळा चांगल्या, भाजी-किराणा पाच मिनिटांवर. आजींच्या त्या दुपारनंतर मात्र मुख्य वाचनालयातल्या स्थानिक इतिहासाच्या दालनात जाऊन बसायला लागलो. जे सापडलं ते इथे टाकतोय, कारण आपली कितीतरी मराठी कुटुंबं या शहरात वाढताहेत आणि त्यांनाही हे कळावं असं मनापासून वाटतं.

तर, फ्रीमाँट नावाचं शहर २३ जानेवारी १९५६ पर्यंत नव्हतंच. होती पाच गावं : सेंटरव्हिल, नाइल्स, अर्विंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज. या सगळ्या मुलखाला वॉशिंग्टन टाउनशिप म्हणायचे. यातल्या एकाही गावाला स्वतःची नगरपालिका नव्हती, कारभार अलामेडा काउंटीचा, म्हणजे निर्णय व्हायचे ते तिकडे ओकलंडला. जर्दाळूच्या बागा, फ्लॉवरची शेतं, खाडीच्या कडेला मिठागरं असा सगळा बाज.

दुसरं महायुद्ध संपलं आणि कॅलिफोर्नियात माणसांचा लोंढा सुरू झाला. बिल्डर बागा विकत घेऊ लागले. उत्तरेकडून हेवर्ड वाढत होतं, दक्षिणेकडून सॅन होजे शेजारची जमीन हद्दीत ओढत होतं. पाच गावांना दिसत होतं की आपण काहीच केलं नाही, तर आपल्या शिवारात काय बांधायचं ते दुसरंच कुणीतरी ठरवणार. अर्विंग्टनमध्ये औषधाचं दुकान चालवणारे वॉली पाँड यांच्या पुढाकाराने समिती बसली आणि पाचही गावांचं मिळून एक शहर झालं. पाँड पहिले महापौर.

शेजारच्या नेवार्क गावाला हे पटलं नाही. त्यांनी १९५५ मध्येच स्वतःची वेगळी नगरपालिका केली. म्हणून आजही नकाशात नेवार्क फ्रीमाँटच्या पोटात बसलेलं दिसतं, चारी बाजूंनी वेढलेलं. पलीकडच्या अल्वाराडो आणि डेकोटो या दोन गावांनी १९५९ मध्ये युनियन सिटी केली.

माझं मत सरळ सांगतो. १९५६ चा तो निर्णय दूरदृष्टीचा होता. गावं छोटी होती, आपसात चुरस होती, हायस्कूलच्या सामन्यांवरून सुद्धा तट पडायचे. तरी वेळ आली तेव्हा ती एका टेबलाशी बसली.

रानजाई

फार छान सुरुवात, पायथा! मी तीन वर्षं मावरी अव्हेन्यूजवळ राहिले, तेव्हा रोज वाटायचं की या गावाला मध्यच नाही. कुणी पाहुणे आले आणि म्हणाले, "चला, गावात चक्कर मारू," की प्रश्न पडायचा, कुठे नेऊ? रुंद रस्ते, त्याच्या कडेला दुकानांचे पट्टे, पुढे पुन्हा रस्ता. पुण्यात वाढलेल्या माणसाला पायी चालायला लक्ष्मी रोड लागतो हो. पाच गावं होती तर ती गेली कुठे?

पायथा

गेली कुठेच नाहीत, रानजाई. तुम्ही पाच गावांच्या मधल्या रिकाम्या जागेत राहत होतात!

पाच गावं एकत्र आली तेव्हा यातलं कुठलंच एक मुख्य गाव ठरवायचं नाही, असा तोडगा निघाला. सरकारी इमारती, बाजार, मोठं उद्यान हे सगळं मधल्या मोकळ्या शेतात नव्याने वसवायचं. रस्ते आधी आखले, ते रुंद ठेवले, कारण १९५६ मध्ये गाडीशिवाय भविष्याचा विचार कुणी करत नव्हतं. नुसती जमीनच सुमारे ७८ चौरस मैल. म्हणजे मध्य भरून यायला किती माणसं लागतील विचार करा. पाच जुनी गावं आपापल्या जागी राहिली आणि मधला भाग दुकानांनी आणि पार्किंगने भरला. ही मला त्या आराखड्यातली खरी उणीव वाटते. अलीकडे कॅपिटल अव्हेन्यूच्या आसपास डाउनटाउन उभं राहतंय, पण साठ-पासष्ट वर्षं उशिरा.

एक गोष्ट मात्र त्या मधल्या जागेनेच दिली : सेंट्रल पार्क आणि लेक एलिझाबेथ. तळ्याचं नाव राणीवरून नाही, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ या फ्रीमाँटच्या भगिनी-शहरावरून आहे. संध्याकाळी तळ्याला फेरी मारताना पंजाबी, तमिळ, मँडरीन, फारसी, स्पॅनिश आणि मराठी अशा सहा भाषा कानावर पडतात.

वाढ किती झपाट्याने झाली बघा. १९६० च्या जनगणनेत ४३,७९० माणसं. १९७० मध्ये १,००,८६९. दहा वर्षांत दुपटीच्याही वर. २००० मध्ये २,०३,४१३ आणि २०२० मध्ये २,३०,५०४. म्हणजे खरी उडी साठच्या दशकातली आहे, आपण सॉफ्टवेअरवाले नंतर आलो. तेव्हा आले ते गाड्यांच्या कारखान्यातले कामगार आणि त्यांच्या मागोमाग शाळा, दवाखाने, दुकानं.

जुना_प्रवासी

कारखान्याबद्दल मी लिहितो. मी १९८३ मध्ये इथे आलो तेव्हा जनरल मोटर्सचा कारखाना बंद होऊन एक वर्ष झालं होतं. तो सुरू झाला होता साठच्या दशकाच्या सुरुवातीला आणि बंद पडला १९८२ मध्ये. शेवटच्या वर्षांत तिथे वातावरण फार बिघडलं होतं. कामगारांच्या दांड्या, अचानक संप, व्यवस्थापनाशी रोजची भांडणं. मी आलो तेव्हा अर्ध्या शहराच्या तोंडी एकच विषय, आता काय होणार?

मग १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तोच कारखाना पुन्हा सुरू केला. नाव न्युमी. आणि विशेष म्हणजे कामावर घेतले ते बहुतेक जुनेच लोक, युनियनही तीच. त्यांच्या तुकड्या जपानला टोयोटाच्या कारखान्यात शिकायला पाठवल्या. माझ्या समोरच्या घरातले गृहस्थ त्यातले एक. त्यांनी मला एकदा गराजमध्ये उभं राहून दोरीची गोष्ट सांगितली होती. लाइनच्या वर एक दोरी टांगलेली असायची. कामात काही चूक दिसली की कुठल्याही कामगाराने ती ओढायची, टीम लीडर धावत येणार, तेवढ्यात सुटलं नाही तर लाइन थांबणार. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं म्हणजे नोकरीवर पाणी. ते म्हणाले, "पहिल्यांदा ओढली तेव्हा माझे हात थरथरत होते. आणि सुपरवायझर येऊन थँक यू म्हणाला." हे सांगताना त्यांचा हात वर गेला होता, जणू दोरी अजून तिथेच आहे.

१ एप्रिल २०१० ला न्युमी बंद झाली. शेवटची गाडी कोरोला. सुमारे ४,७०० माणसं घरी बसली. त्याच वर्षी टेस्लाने तो कारखाना घेतला आणि २०१२ च्या जूनमध्ये पहिल्या मॉडेल एस गाड्या ग्राहकांना मिळाल्या. एकाच छपराखाली तीन युगं झाली. पायथा म्हणतात तसं आपण नंतर आलो, हे अगदी खरं आहे.

सोनचाफा

धागा आवडला. पण एक आग्रहाची विनंती. इतिहास १९५६ पासून सुरू करू नका, आणि १७९७ पासूनही नको. ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांची, ओलोनी लोकांची. स्पॅनिश पाद्री फर्मिन लासुएन यांनी ११ जून १७९७ ला मिशन सॅन होजे, म्हणजे मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करण्यासाठीची वसाहत, स्थापन केलं, ते कॅलिफोर्नियातल्या २१ मिशनपैकी चौदावं. तिथल्या गुरांचे कळप, शेती, वाइन, कातडी कमावणं यांची वर्णनं आपण शाळेच्या सहलीत ऐकतो. हे सगळं ज्यांच्या हातांनी झालं त्यांना मिशन सोडून जायची मुभा नव्हती आणि युरोपातून आलेल्या रोगांनी ते शेकड्यांनी मेले.

माझ्या मुलीने चौथीत मिशनचं मॉडेल बनवलं होतं, पुठ्ठ्याचं, लाल कौलांचं. त्या निमित्ताने आम्ही वॉशिंग्टन बुलेवार्डवरच्या ओलोनी दफनभूमीत गेलो. रस्त्याला लागून लहानशी जागा, गाड्या भरधाव जात असतात. तिथल्या फलकावर चार हजार ओलोनी इथे चिरनिद्रा घेताहेत असं लिहिलंय. मुलीने विचारलं, "मग माझ्या मॉडेलमध्ये ते कुठे आहेत?" घरी येऊन तिने पुठ्ठ्याच्या चर्चबाहेर मातीचे छोटे गोळे मांडले, एकेक करून, रात्री उशिरापर्यंत.

एस्तानिस्लाओचं नावही इथे यायलाच हवं. योकुट्स जमातीचा हा माणूस याच मिशनमध्ये होता, तिथून निसटला आणि १८२९ मध्ये मेक्सिकन सैन्याविरुद्ध लढला. स्टॅनिस्लॉस नदी आणि काउंटी दोन्हींना त्याचंच नाव आहे. आणि ज्यांच्या नावाने आपलं शहर ओळखलं जातं त्या जॉन सी. फ्रीमाँट यांच्या तुकडीने १८४६ मध्ये सॅक्रामेंटो नदीच्या काठी मूळ रहिवाशांची कत्तल केली होती, हेही त्यांच्या नकाशे बनवण्याच्या कामाइतकंच लक्षात ठेवायला हवं.

पायथा

सोनचाफा, तुमच्या मुलीची गोष्ट वाचून थांबलो. खरं आहे, माझी सुरुवात उशिरा झाली. धाग्यात हा भाग तुमच्यामुळे आला याचा आनंद वाटतो.

त्यात एवढीच भर घालतो. मिशनचं १८०९ मधलं कच्च्या विटांचं चर्च २१ ऑक्टोबर १८६८ च्या भूकंपात पडलं. आज दिसतं ते मूळ धर्तीवर नव्याने बांधलेलं, १९८५ मध्ये पुरं झालेलं. पाद्र्यांच्या राहत्या इमारतीचा काही भाग मात्र जुना आहे, संग्रहालय तिथेच आहे. त्या भूकंपाचा हेवर्ड फॉल्ट, म्हणजे जमिनीतला तडा, आपल्या शहराच्या मधून, सेंट्रल पार्काखालून जातो. तो शांत असतानाही दरवर्षी काही मिलिमीटर सरकत असतो. जिथे तो रस्ता ओलांडतो तिथे फुटपाथची कड नीट बघा. सरळ आलेली सिमेंटची कड मध्येच बोटभर बाजूला गेलेली असते, डांबरात तिरप्या भेगा. मी मुलाला घेऊन गेलो तेव्हा तो कडेवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून बराच वेळ उभा होता.

अभंगवाट

मी नवीन आहे, गेल्या वर्षी टेक्सासमधून बदली होऊन आलो. सगळं वाचतोय, छान वाटतंय, पण मनातलं बोलतो. ज्या शहरात साध्या तीन बेडरूमच्या घराला दीड मिलियनच्या पुढे मोजावे लागतात तिथे ही आपुलकी कशी आणायची? माझ्या शेजारच्या तसल्याच घराचा प्रॉपर्टी टॅक्स मला घर घेतल्यावर भरावा लागेल त्याच्या एक दशांश आहे. जुन्या लोकांनी आपली सोय करून घेतली आणि दार लावून घेतलं असं वाटतं.

जुना_प्रवासी

अभंगवाट, तुमचा राग समजतो. ती प्रपोझिशन १३ या कॅलिफोर्नियातल्या कर-कायद्याची करणी, १९७८ ची. घर ज्या भावाने घेतलं त्याच्या एक टक्का कर, आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. त्यामुळे साठच्या दशकात घर घेतलेली विधवा बाई घरातून हुसकली गेली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण नव्याने येणाऱ्यावर भार पडला हेही तितकंच खरं, आणि म्हातारी माणसं मोठी घरं सोडत नाहीत म्हणून विकायला घरं कमी येतात. माझाच कर तुमच्या एक चतुर्थांश असेल. मला ते न्याय्य वाटत नाही.

पायथा

किमतीत आणखी तीन धागे आहेत. एक, टेकड्या. १९८१ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये मतदारांनी टेकड्यांवरच्या बांधकामावर कडक मर्यादा घातल्या. त्यामुळे मिशन पीक हा डोंगर आजही हिवाळ्यात हिरवा आणि उन्हाळ्यात सोनेरी दिसतो, बंगल्यांनी भरलेला नाही. याची किंमत घरांच्या तुटवड्यात मोजावी लागते, तरी हा निर्णय माझ्या मते बरोबरच. दोन, शाळा. मिशन सॅन होजे हायस्कूलच्या हद्दीतलं घर आणि रस्त्यापलीकडचं घर यांच्या भावातला फरक तुम्ही पाहिला असेलच. शाळेच्या नावावर घराची किंमत ठरणं मुलांच्या दृष्टीने वाईट आहे. त्या ताणाखाली पोरं कशी झोपतात ते मी जवळून पाहिलंय.

आणि तिसरा, सर्वांत मोठा. डम्बार्टन पूल आणि दोन फ्रीवे यांमुळे सिलिकॉन व्हॅली दारात आली, तेवढी घरं मात्र इथे कुणी बांधू दिली नाहीत. स्वतंत्र घरांच्या वस्तीत दुमजली चाळ म्हटलं तरी सभेला गर्दी होते. बार्ट या लोकल रेल्वेच्या वॉर्म स्प्रिंग्ज स्टेशनभोवती आता इमारती उठताहेत. ते स्टेशन २०१७ मध्ये सुरू झालं. तोपर्यंत, १९७२ पासून पंचेचाळीस वर्षं, फ्रीमाँट हेच त्या मार्गाचं शेवटचं स्टेशन होतं.

तरी अभंगवाट, आपुलकीला घराच्या कागदांची वाट बघू नका. मी अपार्टमेंटमध्ये होतो तेव्हाही अर्विंग्टनचा फाइव्ह कॉर्नर्स हा चौक माझाच होता. शनिवारी नाइल्सला या. चला, त्याबद्दल लिहितोच.

नाइल्स म्हणजे कॅन्यनच्या तोंडाशी वसलेलं रेल्वेचं गाव. १८६९ च्या सप्टेंबरमध्ये त्या घळीतून रूळ पुरे झाले आणि सॅक्रामेंटोकडून येणारी गाडी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपर्यंत पोचली. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे आपण पुस्तकात युटाला संपलेली वाचतो. खाडीपर्यंतचा तुकडा मात्र इथून गेला, आणि त्या रुळांवर चिनी मजुरांचा घाम आहे. पुढे १९१२ मध्ये एसेने कंपनीने इथे स्टुडिओ काढला. स्पूर आणि अँडरसन या दोघांच्या आद्याक्षरांवरून, एस आणि ए, म्हणून एसेने. अँडरसन म्हणजे पडद्यावरचा ब्रॉन्चो बिली. कॅन्यनमधल्या टेकड्यांवर घोडे दौडवत त्यांनी शेकड्यांनी काउबॉयपट काढले. १९१५ मध्ये चार्ली चॅप्लिन इथे आला, 'द ट्रॅम्प' इथेच चित्रित झाला. १९१६ मध्ये स्टुडिओ बंद. हॉलिवूडने बाजी मारली नसती तर, हा विचार नाइल्सच्या मुख्य रस्त्यावर उभं राहिलं की येतोच.

तिथल्या जुन्या थिएटरात आता मूकपटांचं संग्रहालय आहे. शनिवारी संध्याकाळी खेळ असतो, पियानो समोर बसून वाजवतात. मी आईला नेलं होतं. तिला इंग्रजी फारसं येत नाही, पण मूकपटाला भाषा कसली? आई इतकी हसली की पुढच्या रांगेतल्या बाई वळून तिच्याबरोबर हसायला लागल्या.

रानजाई

आता मला सेंटरव्हिलबद्दल लिहावंसं वाटतंय. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर जी कुटुंबं देश सोडून आली त्यातली बरीच फ्रीमाँटला स्थिरावली. सेंटरव्हिलच्या त्या पट्ट्याला लोक लिटल काबूल म्हणतात. मी बाळंत झाले तेव्हा आई व्हिसा न मिळाल्याने येऊ शकली नव्हती. तिथल्या बेकरीतल्या काकूंनी मला गरम नान दिला, हातभर लांब, वर काळे तीळ, आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, "माझी आईही नव्हती." तेव्हा मला वाटलं नव्हतं की पाच गावांमधल्या एका गावात उभी आहे मी. आज कळलं.

आपल्याच लोकांचंही लिहा ना कुणीतरी. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने दार उघडलं, नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअरने लोंढा आणला, २०१० च्या जनगणनेत शहरात आशियाई वंशाचे लोक निम्म्याहून जास्त झाले. हे सगळं बदलताना पाहिलेली माणसं अजून आहेत.

जुना_प्रवासी

मी लिहीन, थोडा वेळ द्या. ऐंशीच्या दशकात गणपतीला आम्ही बारा कुटुंबं होतो, मूर्ती एकाच्या बॅगेतून आलेली, आरतीची पुस्तकं झेरॉक्स. कोथिंबीर मिळाली तर सण. गुरुद्वारा १९७८ चा, तिथे पहिल्यांदा पोटभर वरण-पोळीसारखं जेवण मिळालं. नव्वदीत नाझ थिएटरमध्ये हिंदी सिनेमे लागायचे, मध्यंतरात समोसे. २०२४ मध्ये सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं तेव्हा हजारो माणसं बघून बायको म्हणाली, त्या बारातली किती दिसताहेत बघ. सात सापडली.

सोनचाफा

जुना_प्रवासी काका, ते लिहाच, आणि त्या बारा कुटुंबांचे फोटो असतील तर वाचनालयाच्या त्या दालनालाही द्या. तिथे जर्दाळूच्या शेडचे फोटो आहेत, आपले नाहीत.

पायथा

फोटोंची कल्पना उत्तम. दालनातल्या बाईंना मी मंगळवारी विचारतो.

आणि अभंगवाट, शनिवारी सहा वाजता नाइल्सच्या स्टेशनसमोर भेटू. टेकडीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत गावाचं नाव लिहिलेलं दिसेल, चुकायचं नाही. येताना रिकामी पिशवी आणा. आजींच्या झाडाला यंदा फळ भरपूर धरलंय, फांदीखाली दुसरा टेकू लावायला मला एक माणूस हवाच आहे.

अभंगवाट

येतो. मुलीलाही आणतो. सुरी घरून आणू का?